बंद घड्याळाची भवानी

“मग तुम्ही बोलला का नाहीत, आक्का?”

ऋजुतानं विचारलं. शेजारीच बालवाडीची मुलं चुरमुरे खात बसली होती, म्हणून आवाज दबका होता. राग मात्र दबलेला नव्हता.

आक्का चिंचेच्या बुंध्याला टेकल्या. चपला काढून त्यांनी पाय लांब केले.

“काय बोलायला हवं होतं?”

“तो माणूस खोटं बोलला. मुलांच्या देखत. तुमच्या देखत.”

“हो.”

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं?”

“हो की.”

“आणि तरी गप्प राहिलात?”

आक्कांनी मूठभर चुरमुरे तोंडात टाकले आणि सावकाश चावत राहिल्या...

आता ही आक्का कोण आणि ही ऋजुता कोण, ते सांगायला हवं.

द्वारकाआक्कांची बालवाडी नदीपलीकडच्या वस्तीत. वस्तीतल्या निम्म्या लोकांची नाकं त्यांनी कधी ना कधी पुसलेली होती. त्यामुळे मिशीवाला गडीसुद्धा त्यांच्यासमोर नीट उभा राहायचा. पण आता गुडघे ऐकेनासे झाले होते. वर्ग कुणाच्या तरी हाती द्यायची वेळ आली होती.

ऋजुता वर्षभरापूर्वी शहरातून शिकून आली आणि आक्कांच्या हाताखाली लागली. पोरगी हुशार, हे कबूल करायलाच हवं. पुठ्ठा, डिंक आणि रंग दिले की ती त्यातून हत्ती काढायची, घर काढायची, आकडे काढायची. मुलं तिच्यावर जीव टाकत. आक्कांचा वर्ग आपल्याला मिळावा, एवढी एकच इच्छा तिनं वर्षभर उराशी बाळगली होती.

पण स्वभावाला औषध नसतं. ऋजुताला कशावरही चटकन विश्वास ठेवता यायचा नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणतात. हिचं तोंड कधी पोळलं होतं देव जाणे, ताक मात्र रोज फुंकायची. दूधवाला आला की दुधात बोट, भाजीवाली आली की काट्यावर नजर. प्रसादाचा पेढासुद्धा आधी हुंगायची.

आणि मनात एक संशय आक्कांबद्दलही होता. तो आजवर तिनं ओठांवर येऊ दिला नव्हता.

संशयाचं मूळ जुन्या बाजारात होतं.

नदीकाठी दर रविवारी जुना बाजार भरतो. गोणपाटं अंथरून लोक बसतात. त्यावर झाकण नसलेले डबे असतात आणि डबे नसलेली झाकणं असतात. एकेकट्या चपला, कानतुटके कप, दुसऱ्यांच्या नावांचे करंडक, आतून पोखरलेले रेडिओ. आक्का महिन्यातून एकदा मुलांना तिथं न्यायच्या. प्रत्येकाच्या हातावर एक नाणं ठेवायच्या. एकच वस्तू घ्यायची, आपली आपण निवडायची आणि विक्रेत्याला विचारायचं, ही आधी कुणाची होती?

बस्स, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. पण मुलं डब्याला झाकण शोधता शोधता लहान-मोठं शिकत, चपलेची जोडी लावता लावता डावं-उजवं शिकत. वजनाची लोखंडी मापं उचलून दमत आणि जड म्हणजे काय ते जन्मभर विसरत नसत. विक्रेतेही रंगात येत. हा तांब्या एका पैलवानाचा होता, ही छत्री एका भित्र्या मास्तरांची होती, अशा गोष्टी सांगत. खऱ्या किती आणि खोट्या किती, ते त्यांचं त्यांना माहीत.

हे सगळं ऋजुताला आवडायचं. फक्त एक गोष्ट खटकायची. आक्का मुलांना घेऊन दर वेळी सगळ्यात आधी एकाच गोणपाटापाशी जायच्या. रंभाजीच्या. हा रंभाजी म्हणजे घड्याळं, कुलपं, कंदील असलं सामान विकणारा एक तिरसट म्हातारा. बाजार उघडायच्या आत आक्का तिथं हजर. रंभाजी उठून उभा राहणार, आक्कांना बसायला डबा देणार. इतका बाजार पडलेला असताना याच्याकडेच का? कुठंतरी पाणी मुरतंय, असं ऋजुताला वाटत राहायचं.

या खेपेला आक्का म्हणाल्या होत्या, “रविवारचा बाजार तू कर. मी मागून येते. मग वर्गाचं बघू.”

ऋजुतानं जोरात तयारी केली. मुलांना शिकवलं की जुनी वस्तू घेताना वाजवून बघायची, उजेडात धरायची, हुंगायची, आणि दुकानदाराला रोखठोक प्रश्न विचारायचा. मुलांना हा खेळ फारच आवडला.

सकाळी सगळे रंभाजीपाशी पोचले. आक्का मागं उभ्या राहिल्या. मंजी नावाची एक लहानखुरी, अबोल मुलगी पुढे झाली. तिनं गोणपाटावरचं एक गजराचं घड्याळ उचललं. हिरव्या रंगाचं, दोन घंटा असलेलं. छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं नाणं पुढे केलं.

रंभाजीनं हात पसरला. तेवढ्यात ऋजुतानं विचारलं,

“घड्याळ चालू आहे का?”

रंभाजीचा हात थांबला. त्यानं एकदा आक्कांकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

“हाय की,” तो म्हणाला. नाणं घेतलं आणि कपाळाला लावलं.

तोवर ऋजुतानं मंजीच्या हातातून घड्याळ काढून किल्ली फिरवलीही होती. किल्ली नुसतीच गरगर फिरली. तिनं मागचं झाकण उघडलं. आत स्प्रिंग नव्हती.

“पाहिलंत मुलांनो? असं फसवतात,” ती म्हणाली. “काका, नाणं परत द्या.”

आजूबाजूची गोणपाटं एकदम चिडीचूप झाली. रंभाजीनं नाणं परत दिलं. ताडपत्री ओढून त्यानं सगळा माल झाकला आणि बाजाराकडे पाठ करून बसला.

पुढच्या दुकानांत मुलांना वस्तू मिळाल्या. गोष्टी मात्र कुणी सांगितल्या नाहीत. मंजीनं तर काहीच घेतलं नाही.

आणि आता चिंचेखाली ऋजुता उत्तर मागत होती.

“आक्का, मी काही चुकीचं केलं का?”

“प्रश्न चांगला होता.”

“मग?”

“भवानीच्या आधी विचारलास.”

“म्हणजे?”

आक्कांनी ओंजळ झटकली. “दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. ती होईपर्यंत या बाजारात कुणी तोंडातून ‘नाही’ काढत नाही. ‘नाही’ म्हटलं की दिवसभर ‘नाही’च ऐकावं लागतं, अशी समजूत आहे.”

“मग चालू नसलेल्या घड्याळाला काय म्हणतात?”

“विचारलं तर ‘आहे’ म्हणतात. म्हणून भवानीच्या आधी कुणी विचारत नाही. आपलं आपण बघून घेतात.”

ऋजुता हसली. हसण्यात गोडवा नव्हता.

“मोठी सोयीची रीत आहे, आक्का. चोराला याहून चांगली रीत कुठली मिळणार?”

“सोयीची आहेच.”

“तुम्हाला पटते?”

“मला कोण विचारतं...”

ऋजुताला वाटलं, आक्का हातावर तुरी देताहेत. म्हातारीला काहीतरी झाकायचं आहे. वर्षभर दाबून ठेवलेला प्रश्न मग तिच्या तोंडून बाहेर पडलाच.

“आक्का, खरं सांगा. तुम्ही दर वेळी आधी रंभाजीकडेच का जाता? तुम्हाला त्याच्याकडून काही मिळतं का?”

विचारलं आणि तिचे कान तापले. गुरूला असं विचारायचं? पण शब्द गेला तो गेला. आता वर्ग गेला असंच समज, असं तिनं मनाशी म्हटलं.

आक्का चिडल्या नाहीत.

“मिळतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“चहा.”

“फक्त चहा?”

“साखर फार घालतो मेला.”

ऋजुता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काही सापडेना. लबाडी सापडेना, भाबडेपणाही सापडेना. तिला उत्तर मिळालं होतं आणि त्या उत्तरावरही तिचा विश्वास बसत नव्हता. बसणार कसा? तो बसायची सवयच नव्हती.

इतक्यात मुलांत गडबड उडाली. ओमकारनं शेजारच्या मुलीच्या हातातलं झाकण ओढून दगडावर आपटलं होतं. “खोटं आहे! वाजतच नाही!” तो ओरडला. ती मुलगी रडायला लागली. दुसरा एक जण आपल्या वाटणीचे चुरमुरे उजेडात धरून एकेक तपासत होता.

“आक्का, हे नक्की चांगले आहेत ना? फसवत नाही ना?” त्यानं विचारलं.

आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ऋजुताकडे पाहिलं.

ऋजुतानं ओमकारला जवळ घेतलं, रडणारीचे डोळे पुसले. सगळ्यांना पुन्हा गोलात बसवलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, मंजी गोलात नाही.

मंजी बुंध्याच्या पलीकडे बसली होती. मुठीत नाणं घट्ट. समोर मातीत तिनं काडीनं एक गोल काढला होता.

ऋजुता तिच्यापाशी उकिडवी बसली.

“मंजी, रुसलीस? अगं, ते घड्याळ बंद होतं. काकांनी आपल्याला फसवलं असतं.”

मंजीनं मान हलवली.

“मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“बंद आहे ते. मी कान लावला होता.”

ऋजुतानं मांडी घातली.

“मग बंद घड्याळ कशाला घेत होतीस?”

“मला बंदच पाहिजे होतं.”

“का गं?”

मंजीनं मातीतल्या गोलात काडीनं एक रेघ ओढली. मग दुसरी.

“बाई, तुम्ही पुठ्ठ्याचं घड्याळ आणलं होतं ना, त्याच्यावर आठ वाजवले की आठच राहतात. घरातल्या घड्याळावर राहत नाहीत. बाबा म्हणतात, आठला येतो. मग आठ होतात आणि निघून जातात आणि मी झोपून जाते.”

“मग?”

“मी आठ लावून ठेवणार होते. बाबा येईपर्यंत.”

ऋजुताला रडू आलं आणि ते तिनं लपवलंही नाही. साऱ्या बाजारात एकच मूल असं निघालं होतं, ज्यानं तिचा धडा घरापर्यंत नेला होता. त्याच मुलीच्या हातातून तिनं स्वतः, सगळ्यांसमोर, ती वस्तू हिसकावून घेतली होती. घड्याळाची किल्ली फिरवून पाहिली, झाकण उघडून पाहिलं. पोरीला मात्र एका शब्दानं विचारलं नव्हतं.

तिनं वळून आक्कांकडे पाहिलं. आक्का डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या होत्या की ऐकत होत्या, कोण जाणे.

ऋजुता उठली. मंजीचा हात धरला आणि बाजाराकडे निघाली.

रंभाजी तसाच पाठमोरा बसला होता. ताडपत्री झाकलेली. ऊन चांगलंच वर आलं होतं. शेजारपाजारच्या गोणपाटांवर गिऱ्हाइकं होती, पण त्याच्यापाशी कुणी फिरकलं नव्हतं. परत गेलेली भवानी बाजारात लपून राहत नाही.

ऋजुता गोणपाटासमोर जाऊन उभी राहिली.

तिच्या तोंडात प्रश्नांची रांग लागली. काका, रागावलात का? घड्याळ अजून आहे का? आता देता का? आणि त्याच्या मागे जुने ओळखीचे प्रश्नही होतेच. हे घड्याळ आलं कुठून? याच्याही मागं काही डाव नसेल ना? आक्कांनीच तर हे सगळं जुळवून आणलं नसेल?

पण भवानी अजून झाली नव्हती. आता विचारायचं नव्हतं. तिनं ओठ घट्ट मिटले. आयुष्यात इतकं अवघड काही तिनं केलं नव्हतं.

रंभाजीनं मान वळवली. तिच्याकडे पाहिलं. ती गप्प. त्यानं वाट पाहिली. ती तरीही गप्प...

मंजीनं मूठ उघडून नाणं पुढे केलं.

रंभाजीनं ताडपत्रीचा एक कोपरा उचलला. आत हात घालून हिरवं घड्याळ काढलं. धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि मंजीच्या हातात दिलं. मग नाणं घेतलं, दोन्ही डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं आणि कमरेला खोचलं.

आणि लगेच, कुणी विचारलं नसताना, ऋजुताकडे बघून म्हणाला,

“चालू न्हाई ते, बाई. आतली स्प्रिंग न्हाई. घंटाबी वाजायची न्हाई. पोरीला नगं असंल तर आत्ताच परत द्या, दुसरं देतो.”

तीन वेळा ‘न्हाई’. सकाळपासून तोंडात धरून ठेवलेलं सगळं त्यानं एका दमात टाकलं.

“सकाळीही सांगणार होतात?” ऋजुतानं विचारलं.

“सांगणारच हुतो की. पण तुमी पैसं कपाळावरनं खाली यिऊ दिलं कुटं?”

ऋजुताची मान खाली गेली. “चुकलं माझं,” ती म्हणाली. एवढे दोन शब्द वर्षभरात तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते.

मंजीनं काटे फिरवून आठ वाजवले होते. घड्याळ ती वेगवेगळ्या बाजूंनी बघत होती. आठच होते.

“बाळ,” रंभाजी तिला म्हणाला, “आदी कुनाचं हुतं, ते इचारायचं ऱ्हायलं न्हवं?”

“कुणाचं होतं?”

“एका लई झोपाळू फौजदाराचं,” तो म्हणाला, आणि ताडपत्री बाजूला सारून गोष्ट सांगू लागला. ऋजुतानंही ती ऐकली. धादांत खोटी गोष्ट होती. ते तिला पहिल्याच वाक्याला कळलं आणि तरी ती शेवटापर्यंत बसली.

दोघी परत आल्या तेव्हा आक्का मुलांना ओळीत उभं करत होत्या. मंजी धावत जाऊन ओळीत शिरली. घड्याळ सगळ्यांना दाखवलं. ओमकारनं कान लावला आणि जाहीर केलं, “बंद आहे!” मंजीनं अभिमानानं मान डोलावली.

ऋजुता आक्कांपाशी आली. मन भरून आलं होतं. वर्षभराचा ताठा त्या रंभाजीच्या गोणपाटावर राहिला होता, आणि हलकं हलकं वाटत होतं. तिनं वाकून आक्कांच्या पायांना हात लावला.

“मी तुमच्यावरसुद्धा संशय घेतला, आक्का.”

“घेतलास.”

“चहाच असतो ना हो फक्त?”

“आता विचारतेस?”

“नाही. नाही विचारत.” ऋजुतानं डोळे पुसले. “खरंच नाही. आजपासून मी कुणावर म्हणजे कुणावरही संशय घेणार नाही. रंभाजी सांगेल ते खरं, तुम्ही सांगाल ते खरं. शप्पथ.”

आक्कांनी चपला पायात सरकवल्या. समोर बाजार भरात आला होता. माणसांची दाटी झाली होती, आणि ओळीतली सगळ्यात पुढची मुलं आत्ताच त्या दाटीकडे ओढ घेत होती.

आक्कांनी त्या दाटीकडे पाहिलं, मग ऋजुताकडे पाहिलं.

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. “आणि मी आत्ताच पोरं तुझ्या हवाली करणार होते.”